दोन हंडे

"पाईप कुठं सोडू, मावशी? टाकीत का हौदात?"

"बोअरात सोड."

सुदाम टँकरवाला केबिनच्या दारातून अर्धा उतरला होता, तो तसाच दांड्याला धरून लोंबकळत राहिला. "कशात?"

"बोअरात. कान फुटले का? झाकण काढून ठिवलंय, त्यात."

तो खाली उतरला, बोअरच्या तोंडाशी गेला, वाकून आत बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. "मावशी, बारा वर्सं झाली टँकर चालवतो. बोअरातून टँकर भरतेत हे म्हाईत होतं. टँकरातून बोअर भरनाऱ्या तुमीच पयल्या."

"तुला भाडं पाणी आणायचं दिलंय का पंचायत करायचं?"

"पाप हाय हो. लोक घागरीसाठी डोकी फोडायलेत."

"पाप माझ्या नावावर टाक. तू पाईप टाक."

दुपारचे दोन वाजले होते. आमच्या गल्लीत मे महिन्यात त्या वेळेला दारात कुत्रंसुद्धा दिसत नाही. एरवी लोक दाराला ओलं पोतं लावून पडायचे. त्या साली पोतं भिजवायलाही पाणी नव्हतं, नुसती दारं लोटून माणसं घामात निजली होती. मी ती वेळ मुद्दाम धरली होती.

पाईप आत गेला, सुदामनं कॉक फिरवला आणि पाणी पडायला लागलं. आवाज खूप खोलातून यायला लागला.

ह्याला आता नऊ वर्षं होतील.

घर विकायला काढलं होतं. उमाकांत, माझा एकुलता एक, पुण्याकडं कंपनीत लागला होता. "आई, एकटी काय करतीस तिथं, इकडं ये" म्हणून तीन वर्षं मागं लागला तेव्हा मी हो म्हटलं, पण माझ्या अटीवर. घर मी विकणार आणि भाव मी सांगणार. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. घर माझ्या नावावर होतं आणि माझी जीभही माझ्याच ताब्यात होती. आमचं आडनाव आगलावे. गल्लीतली माणसं म्हणायची, घराण्याचं नाव कुणी राखलं असेल तर सोजरबाईनं.

भावाचं कारण म्हणजे प्रयाग, माझी धाकटी जाऊ. एकाच प्लॉटवर दोघा भावांनी मधी एक भिंत घालून दोन घरं बांधली होती. प्रयागनं तिचं आदल्या दिवाळीत विकलं आणि गावभर भाव सांगत हिंडली. मला म्हणाली, "अक्का, तुमच्याला एवढे न्हाई यायचे. आटलेलं बोअर दारात ठिवून कोन घर घेतंय?" त्या दिवशी मी गाठ मारली. हिच्यापेक्षा एक रुपया का होईना जास्त घेईन, तरच मी आगलाव्याची सून.

मग महिनाभर घर सजवलं. पोरगी दाखवायची असली की कशी सजवतात, तसंच. भिंतींना रंग दिला. स्वयंपाकघरातला तडा लिंपून घेतला आणि लिंपलेलं दिसू नये म्हणून वर देवाचं कॅलेंडर लावलं. कुरकुरणाऱ्या दाराला तेल घातलं, खिळे उपसले, अडगळ काढली. सगळं नटलं, पण बोअर काही नटेना. मालकांनी मारलं तेव्हा दोनशे फुटांवर धो धो पाणी लागलेलं. अर्ध्या गल्लीनं वीस वर्षं त्याच्यावर घागरी भरल्या. पलीकडं मंगल कार्यालय झालं, त्यांनी सहाशे फूट खाली मशीन घातलं आणि आमचं दोन वर्षांत कोरडं ठाक पडलं. आमच्या भागात घर घेणारा माणूस आधी खोल्या मोजत नाही, मोटर लावायला सांगतो.

टँकरची युक्ती मला एका दलालानं सांगितली होती. आदल्या दिवशी ओतायचं, दुसऱ्या दिवशी पाव तास तरी चालतं. गिऱ्हाईक पाव तासापेक्षा जास्त बघत नाही.

उमाकांत फोनवर म्हणाला होता, "आई, त्यांना सरळ सांग बोअर आटलंय म्हणून. थोडं कमी घेऊ."

"कमी घ्यायला मी काय बाजारात वांगी घेऊन बसलेय का? तू तुझी कंपनी सांभाळ."

टँकर अर्धा झाला असेल, तेवढ्यात समोरचं दार वाजलं.

गया कासारीण. तीस वर्षांची माझी समोरासमोरची शेजारीण. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन खेड्यापाड्यानं फिरायची आणि सणासुदीला गल्लीतल्या सगळ्या बायकांचे हात भरायची. टँकरच्या आवाजावर उठून आली होती. त्या साली माणसं तो आवाज झोपेतही ओळखायची. दोन्ही हातांत दोन हंडे, डोळे झोपेनं सुजलेले.

"अक्का, दोन हंडे द्या की. वैजूला उद्या डोक्यावरून न्हाऊ घालायचंय. बारावा दिवस हाय, पानी पुजायचंय तिला. घरात एकच कळशी हाय. त्यात लेकराचं करू का तिचं?"

वैजू तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला आलेली. आमच्याकडं बाराव्या दिवशी बाळंतिणीनं विहिरीवर नाहीतर आडावर जायचं, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, घुगऱ्यांचा निवद दाखवायचा आणि भरलेली कळशी घेऊन घरी यायचं. त्याशिवाय तिनं घरच्या पाण्याला हात लावायचा नाही. विहिरी गेल्या, आड बुजले, मग बायका हापशावर आणि बोअरवर पुजायला लागल्या.

गयानं पाईप बघितला. तो कुठं गेलाय ते बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

खरं तर मला नुसतं "न्हाई जमत" म्हणता आलं असतं. एकीला दिलं की गल्ली उभी राहील हंडे घेऊन, मग लपवायचं काय आणि दाखवायचं काय, एवढीच भीती होती. पण तिनं बघितलं होतं आणि ते मला झोंबलं. मला झोंबलं की मी समोरच्याचं जे दुखतं तिथंच बोट घालते, ही माझी जुनी खोड.

"माझ्याकडं काय धरण फुटलंय का गं, गया? जावयाला सांग की टँकर पाठवायला. का पोरगी झाली म्हणून त्याचंबी पाणी आटलं?"

वैजूला मुलगी झाली होती आणि अकरा दिवसांत जावई फिरकला नव्हता. सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

सुदामनं मान खाली घातली. गयानं हंडे काखेत घेतले. ते एकमेकांवर आपटले तेवढाच आवाज झाला.

"बरं अक्का," म्हणाली आणि गेली. दार हळूच लावलं. आत लेकरू झोपलं असेल.

संध्याकाळी मी खण-नारळ घेऊन तिच्या दारात गेले.

गयानं पाट दिला. वैजू कोपऱ्यातल्या बाजेवर लेकराला घेऊन बसली होती, केस तेलानं चिकटून कपाळाला लागलेले. कडेला बांगड्यांची पेटी होती. ती पेटी बघितली की मला एक गोष्ट आठवतेच. मालक गेले त्या दिवशी भावकीतल्या बायका माझे हात धरून दगड घेऊन बसल्या होत्या. गया मधी शिरली. म्हणाली, "म्या भरल्यात, म्याच उतरवनार." फोडू दिल्या नाहीत. तांब्याभर पाण्यात साबण कालवला आणि एकेक बांगडी अशी काढली की मनगटाला चरा पडला नाही. तसं त्या दिवशी तिच्याशिवाय माझ्या हाताला कुणी मायेनं हात लावला नव्हता.

दुपारचं मनात धरू नको, असं मी म्हटलं नाही. मला तसं म्हणता येतच नाही.

"उद्या कुठं नेतीस हिला पुजायला?"

"मारुतीपाशी हापसा हाय, तिथं."

"एवढ्या उन्हात? कोसभर चालवतीस बाळंतिणीला? माझ्या दारात बोअर असताना? तू पुजलंस तिथं, प्रयागनं पुजलं. ह्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बाळंतिणींनी तिथंच पुजलंय. उद्या दहाला घेऊन ये."

वैजूचं तोंड उजळलं. "खरंच, मावशी?"

"मग काय खोटं? पूजा झाली की मोटर लावते. त्यातलीच कळशी भर. वर तुझ्या आईला पाहिजे तेवढं नेऊ दे. दोन काय, दहा हंडे न्या. पण दहाला म्हणजे दहाला. उशीर करायचा न्हाई."

गया माझ्याकडं बघत होती. "पानी हाय का त्यात, अक्का?"

"हाय की. तू बघितलंस न्हवं?"

"व्हय," ती म्हणाली. "बघितलं."

मी लेकराच्या हातात दहाची नोट ठेवली. वैजू वाकून पाया पडली. परत येताना मला बरं वाटत होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

सकाळी सहाला उठून बोअरात खडा टाकला. कान लावला. बराच वेळ काही नाही, आणि मग खालून "डुबुक". जिवात जीव आला.

घर बघायला येणारा दराडे साडेनऊला आला. एसटीत कंडक्टर, तिशी-बत्तिशीचा, शर्टाच्या कॉलरला घडी घातलेला रुमाल. बरोबर त्याची आई, केवळाबाई. गुडघ्यांवर हात टेकत टेकत आली, अंगणात शिरली आणि घराकडं न बघता सरळ बोअरच्या ओट्यावर जाऊन बसली.

"माय, घर बघ की आधी."

"तू बग. मला काय घर बगायचं? मला पानी दावा."

तो आत गेला. भिंतींवर हात फिरवला, फरशीवर टाच वाजवली. "मावशी, घर लई टापटीप ठिवलंय तुमी," म्हणाला. कॅलेंडरपाशी थांबला, पण तो तारीख बघत होता.

बाहेर आलो तर म्हातारीनं मला हातानं जवळ बोलावलं. डोक्यावरचा पदर मागं सारला आणि मान माझ्यापुढं वाकवली.

"हे बग, बाई."

टाळूच्या मधोमध तळहाताएवढा भाग केसांवाचून होता. नुसता गुळगुळीत, घासलेल्या तांब्याच्या बुडासारखा.

"चाळीस वर्सं डोंगर उतरून पानी आनलं. चुंबळीनं केस खाल्ले. हितं पुन्ना केस आलेच न्हाईत."

"माय, झाक की," दराडे लाजला.

"कामून झाकू? चोरी केली का?" तिनं पदर तसाच ठेवला. "माझी सून दवाखान्यात नर्स हाय. दोन जिवांची हाय. तिच्या डोक्यावर हंडा ठिवायचा न्हाई, येवढ्यासाठी घर घ्यायचं. न्हाईतर आमाला भाड्याची खोली बास होती. आता खरं सांग. पानी हाय का?"

मी त्या टकलाकडं बघत होते. दुसरीकडं बघायला हवं होतं, पण नजर हलेना. आणि तसंच बघत बघत म्हणाले, "मालकांनी मारलं तवापासून ह्या बोअराचं पाणी एक दिवस हटलं न्हाई."

बरोबर दहाला गया आणि वैजू आल्या.

वैजूनं हिरवं लुगडं नेसलं होतं. केस धुतलेले होते. कुठून धुतले कुणास ठाऊक. गयानं त्या एका कळशीतच भागवलं असेल आणि स्वतः तशीच राहिली असेल. वैजूच्या काखेत लेकरू, दुसऱ्या हातात कळशी, डोक्याला फडकं, कानात कापूस. गयाच्या हातात ताट आणि दुसऱ्या हातात एकात एक घातलेले दोन हंडे. अंगणात परकी माणसं बघून ती उंबऱ्याशी थबकली. दराड्याकडं, म्हातारीकडं, मग माझ्याकडं तिची नजर फिरली.

"ये गं, ये," मी मोठ्यानं म्हणाले. "ही आमची वैजू, पाणी पुजायला आलीय. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणी हितंच पुजतेत."

केवळाबाई ओट्यावरून उठली. पदर सारखा केला. "आगं माझी बाय! बारावा का? ये. उन्हात उभी राहू नगं." आणि लेकराला स्वतःच्या हातात घेतलं.

वैजूनं बोअरच्या तोंडाशी पाणी शिंपडून जागा पुसली. पाच खडे मांडले, त्यांना हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, घुगऱ्या ठेवल्या. दिवा लावला. मग लेकराला म्हातारीच्या हातून घेऊन त्याचं कपाळ बोअरच्या लोखंडाला टेकवलं आणि स्वतः डोकं टेकवलं. तिचे ओठ हलत होते. काय मागत होती ते मला माहीत होतं. नवऱ्यानं यावं, दुसरं काय मागणार?

"दराडे," केवळाबाई पोराला म्हणाली, सारखी आडनावानंच हाक मारायची ती त्याला, "बगितलं का? जितं बाळंतीन पानी पुजती तितं काय खोटं आसतंय व्हय?"

मी मोटर लावली.

आधी गढूळ आलं, मग स्वच्छ धार पडली, मनगटाएवढी. वैजूनं कळशी धरली. भरली. एका हातात पाणी घेऊन तोंडाला लावलं आणि थांबली.

"आई, ह्याला पावडरचा वास येतोय. टँकरच्या पाण्यासारखा."

दराड्यानं मान वर केली. म्हातारीनं वाकून ओंजळ भरली, नाकाशी नेली.

"वास तर हाय," ती म्हणाली.

जी जीभ आयुष्यात कधी अडली नाही, ती टाळूला चिकटली.

"येनारच की वास," गया म्हणाली. तिनं लेकीच्या हातातली कळशी घेतली, तोंडावर नारळ ठेवला. "काल म्याच औषध टाकलंय बोअरात. बाळंतीन पिनार म्हनून. लई पडलं वाटतं."

"काल?" दराड्यानं विचारलं. "तुमी टाकलं?"

"मंग? समोरच ऱ्हाते म्या. वीस वर्सं पिते हे पानी." तिनं वैजूच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर कळशी ठेवली. "चल गं. मागं वळून बघायचं न्हाई."

वैजू लेकराला काखेत धरून गेली. केवळाबाईनं ओंजळीतलं पाणी पिऊन टाकलं, ओला हात त्या टकलावरून फिरवला आणि पोराला म्हणाली, "दे इसार."

भाव मी म्हटला तोच ठरला. प्रयागपेक्षा चांगला वरचढ. दराड्यानं विसाराचे पैसे दिले, पाया पडला. मायलेक गल्लीच्या तोंडाशी वळली असतील नसतील, तोच धार बारीक झाली. पाईपनं दोनदा उचक्या दिल्या आणि नुसता वारा यायला लागला.

गयानं हंडे आत्ताच कुठं पाईपखाली लावले होते. एकात अर्धं पाणी पडलं होतं. दुसरा कोरडा.

मी मोटर बंद केली. आभार मानायचे असतात हे मला कळत होतं, पण तोंडातून निघालं ते असं: "तुला मी बोलायला सांगितलं नव्हतं."

"तुमच्यासाठी न्हाई बोलले, अक्का." गयानं अर्धा हंडा उचलून बाजूला ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या लेकीनं आत्ता देव म्हनून डोकं टेकलं त्याच्यावर. लेकराचं कपाळ टेकलं. तिच्यासमोर त्याला खोटं म्हनू का? बाळंतिनीच्या जिवाला लागलं असतं ते."

मी पाईप गुंडाळायला लागले.

"आन् दहाला म्हंजे दहाला या, असं कामून म्हनलात तेबी कळलं. पर उंबऱ्यात आल्यावर कळलं. मागं फिरले असते तर वैजूला काय सांगनार होते? आदी कळलं असतं तर उन्हात हापशावर नेलं असतं."

मग ती तो अर्धा हंडा घेऊन गेली. कोरडा हंडा तिच्या काखेत होता.

होय, मी त्याचसाठी बोलावलं होतं. दराडे फोनवर म्हणाला होता, आमची माय जुन्या वळणाची आहे, तिचा पाण्याशिवाय कशावर विश्वास नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं की दारात बाळंतीण पाणी पुजताना दिसली की म्हातारी दुसरं काही विचारायची नाही. खण-नारळ घेऊन गेले ते त्याचसाठी. दोन हंडे नाही म्हणून जिला हाकललं तिलाच मी दहा हंड्यांचं आमिष दाखवलं. गाई-म्हशीच्या बाजारात विकणारा जनावराच्या शिंगांना रंग लावतो, तसं मी वैजूला माझ्या घराला लावलं.

प्रयागला फोन करून भाव सांगितला. महिनाभर त्याच एका फोनासाठी जीव टाकला होता. ती म्हणाली, "पाण्यासकट का हो, अक्का?" आणि मोठ्यानं हसली. मी फोन ठेवून दिला.

पुढं पुण्याला दराड्यांचे फोन आले. पहिल्या आठवड्यात चार, मग एक, मग बंद. मी एकही उचलला नाही. उमाकांतला म्हटलं, चुकीचा नंबर आहे. उचलला असता तर बरं झालं असतं. शिव्या तरी ऐकल्या असत्या.

पण ते नंतरचं. त्याआधी किल्ली द्यायचा दिवस आला.

जूनचा पहिला आठवडा, आभाळात ढगाचा ठिपका नाही. सामान टेम्पोत चढलं होतं. दराडे आणि केवळाबाई अकराला येणार होती. दारं पुसली, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि स्वयंपाकघरात गेले, तर माठ कोरडा. आमच्याकडं घर दुसऱ्याच्या हवाली करताना माठ रिकामा ठेवत नाहीत. रिकाम्या माठाचं घर दिलं तर घेणाऱ्याच्या संसाराला कोरड पडते म्हणतात. आणि ती पोर दोन जिवांची होती. मोटरीचं बटण दाबून बघितलं, वेड्यासारखं. नुसती घरघर. नळाला आठवड्याचं पाणी आलं नव्हतं. अकराला पंधरा मिनिटं कमी.

गल्लीत दुसऱ्या कुणाचं दार मी वाजवू शकले नसते असं नाही. पण पाय समोरच गेले.

"गया."

ती दारात आली. मी हातातली कळशी पुढं केली. तोंडानं मागायचे शब्द मला कधी लागलेच नव्हते, ते सापडेनात.

"माठ रिकामा हाय," एवढंच म्हणाले.

तिनं कळशीकडं बघितलं. आत गेली. तिनं आतून दोन हंडे भरून आणले, काठोकाठ, वर फडकं बांधलेले. एक तिनं उचलला, एक वैजूनं. माझी कळशी तशीच माझ्या हातात राहिली.

"आमच्या ह्यांनी आणलंय, मावशी," वैजू चालता चालता सांगत होती. तिचा चेहरा भरला होता. "परवा लेकराला बघायला आले, तर शेतातल्या विहिरीचं दोन टिपाडं पाणी टेम्पोत घालून आणलं. म्हणाले, तुमच्या गावात पाणी न्हाई, माझी पोरगी कशी ऱ्हाईल? मला वाटतं, मी पुजलं न्हवं तुमच्या बोअरावर, त्याचाच गुण."

दोघींनी माठ भरला, उरलेलं कळशीत ओतलं. गयानं माठावर झाकण ठेवलं, झाकणावर पेला उपडा घातला आणि जाताना माझ्या हाताला हात लावला. मनगटाला, जिथं पूर्वी बांगड्या असायच्या तिथं.

अकराला मायलेक आली. दराड्यानं किल्ली घेतली. केवळाबाई ह्या वेळी बोअरकडं गेली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, माठातून पेला भरून घेतला आणि उभ्यानंच प्यायली, घटघट, सगळा. मग ओठ पुसले.

"आज वास न्हाई," ती म्हणाली. "कसं गोड हाय. हेच तुमच्या बोअराचं खरं पानी, व्हय ना गं बाई?"

टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. समोरच्या दारात गया उभी होती, दोन्ही हंडे उपडे घालून.

"व्हय," मी म्हणाले.